पहाटे दोनची पाळी: अमेरिकन रॉक रेडिओवर निवेदक व्हायचं असेल तर

आपल्याकडे 'डीजे' म्हटलं की विसर्जन मिरवणुकीतली ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत डोळ्यांपुढे येते. मी ज्या डीजेबद्दल लिहितोय तो एका छोट्या खोलीत एकटा बसतो, हळू बोलतो, आणि तो नक्की काय करतो हे त्याच्या घरच्यांनाही नीट सांगता येत नाही. माझ्या आईने शेजारच्या काकूंना सांगितलं होतं, "तो तिकडे रात्रीचा रेडिओ स्टेशन राखतो." तसं ते फार चुकीचंही नव्हतं.

ओहायोत एमएस करताना आणि पुढे नोकरीची काही वर्षं मी एका विद्यापीठाच्या एफएम स्टेशनवर विनामोबदला रॉकचा कार्यक्रम केला. वेळ बहुतेक शनिवारची, पहाटे दोन ते पाच. माझ्याबरोबर शिकलेले दोघं पुढे व्यावसायिक स्टेशनांवर गेले, त्यामुळे ती बाजूही जवळून पाहता आली. शिकायला तिकडे जाणारी मुलं मला या कामाबद्दल विचारतात, आणि पहिला प्रश्न नेहमी आवाजाचा असतो. आवाज या कामातली सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. एक गाणं संपताना आणि दुसरं सुरू होताना मध्ये जी जागा उरते, ती सांभाळायची हे खरं काम.

आधी ठरवा: गाणी निवडायची आहेत की पगार हवा आहे?

प्रश्न उद्धट वाटेल, पण तो आधी सोडवला नाही तर पुढची पाच वर्षं चिडचिडीत जातात. कारण समजायला थोडं मागे जावं लागतं.

क्लीव्हलंडच्या डब्ल्यूजेडब्ल्यू स्टेशनवर १९५१मध्ये ॲलन फ्रीड नावाचा डीजे रात्री उशिरा रिदम अँड ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय कलाकारांचं संगीत, लावायला लागला. लिओ मिंट्झ नावाच्या रेकॉर्ड दुकानदाराने त्याला सांगितलं होतं की गोरी पोरंही हे संगीत विकत घ्यायला येतात. २१ मार्च १९५२ला त्याने क्लीव्हलंड अरीनात जलसा ठेवला. आत जागा सुमारे दहा हजारांची, आली त्याच्या दुपटीच्या आसपास माणसं, आणि कार्यक्रम सुरू होतो न होतो तोच पोलिसांनी बंद पाडला. एकटा माणूस रात्री काय लावतो यावर शहर हलू शकतं, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. रेकॉर्ड कंपन्यांनाही कळलं. मग डीजेंना पैसे चारून गाणी लावून घेणं, म्हणजे 'पेओला', इतकं माजलं की १९६०मध्ये त्याविरुद्ध कायदा झाला. फ्रीडने १९६२मध्ये गुन्हा कबूल केला. दंड फक्त ३०० डॉलर झाला, पण कारकीर्द संपली आणि १९६५मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. या प्रकरणाचा धडा स्टेशनांच्या मालकांनी असा घेतला की गाणी निवडण्याचा अधिकार डीजेच्या हातातच नको.

तो अधिकार थोडा काळ परत आला तो एका रुक्ष नियमामुळे. मोठ्या शहरांतल्या स्टेशनांनी एएमवरचाच कार्यक्रम एफएमवर दिवसभर वाजवायचा नाही, निदान निम्मा वेगळा करायचा, असं सरकारने सांगितलं आणि १९६७च्या सुरुवातीपासून ते लागू झालं. मालकांकडे अचानक रिकामे तास आले. सॅन फ्रान्सिस्कोत केएमपीएक्सवर टॉम डोनाह्यूने त्याच वर्षी त्या तासांत एलपीवरची, स्वतः निवडलेली गाणी लावायला सुरुवात केली. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनईडब्ल्यू-एफएमवर ॲलिसन स्टील 'नाइटबर्ड' या नावाने रात्रपाळी करू लागली. पुरुषांच्या या धंद्यात एका बाईने मध्यरात्रीची वेळ स्वतःच्या नावावर करून घेतली. हा काळ फार टिकला नाही. १९७०च्या दशकात ली अब्रम्ससारख्या सल्लागारांनी श्रोत्यांची पाहणी करून ठरावीक गाण्यांच्या याद्या बांधून दिल्या. १९९६च्या दूरसंचार कायद्याने एका मालकाने देशभर किती स्टेशनं ठेवावीत यावरची मर्यादाच उठवली. मग एकेका कंपनीकडे शेकड्यांनी स्टेशनं गेली. क्लिअर चॅनलकडे तर बाराशेच्या आसपास होती.

आज व्यावसायिक रॉक स्टेशनवर तुम्ही खुर्चीत बसता तेव्हा गाण्यांची यादी संगणकाने आधीच लावलेली असते, प्रोग्रॅम डायरेक्टरने तपासलेली असते, आणि तुम्ही त्यातलं एक गाणं बदललंत तर सोमवारी जाब विचारला जातो. त्यातही बरंच काम 'व्हॉइस ट्रॅकिंग'चं: चार तासांच्या कार्यक्रमातलं सगळं बोलणं तासाभरात ध्वनिमुद्रित करून द्यायचं, कधीकधी न पाहिलेल्या गावासाठी. माझी मैत्रीण एका गावाच्या बर्फवृष्टीबद्दल तिथून सहाशे मैलांवर बसून काळजी व्यक्त करायची. तिचं म्हणणं, पगार मात्र खरा होता.

गाणी स्वतः निवडायची असतील तर विद्यापीठांची आणि श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारी स्टेशनं आहेत. सिएटलचं केईएक्सपी किंवा जर्सी सिटीतून चालणारं डब्ल्यूएफएमयू. दोन्ही भारतातून इंटरनेटवर फुकट ऐकता येतात, आणि कोणतं गाणं लागलं त्याची यादीही दिसते. जाण्याआधी सहा महिने रोज एक तास यादी समोर ठेवून ऐका. गाण्यानंतर गाणं का आलं याचा अंदाज बांधा. एवढी शिकवणी कुठला वर्ग देत नाही.

दार कुठे उघडतं

अमेरिकेत एफएमचा ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा पट्टा बिगरव्यावसायिक स्टेशनांसाठी राखीव आहे. नव्या शहरात पोचलात की रेडिओची सुई डावीकडे नेऊन ठेवा. विद्यापीठाचं स्टेशन असेल तर बहुधा तिथेच सापडेल.

ऑगस्टच्या शेवटी सत्र सुरू झालं की विद्यार्थी मंडळांचा मेळा भरतो. तिथे स्टेशनचं टेबल असतं. अर्जात एक तक्ता भरून मागतात: तुमच्या कार्यक्रमाच्या एका तासाची गाणी लिहा. इथे बहुतेक आपली मुलं घसरतात, कारण आपण रॉक म्हणून ज्या पाच-सहा बँड ऐकत वाढलो त्यांचीच गाणी लिहून मोकळे होतो. ती गाणी त्या गावातलं व्यावसायिक स्टेशन रोज चार वेळा लावत असतं. माझा पहिला अर्ज त्याच कारणाने परत आला. दुसऱ्या वेळी मी ओहायोतल्याच ॲक्रन आणि क्लीव्हलंडच्या सत्तरीतल्या बँड शोधून काढल्या, डेव्हो, पेरे उबू वगैरे, आणि मध्ये दोन तमिळ चित्रपटांतली सर्फ गिटारची गाणी घातली. संगीत विभागाच्या मुलीने ते वाचून मान वर केली. तुमच्याकडे जे आहे आणि त्यांच्याकडे नाही, ते अर्जात दिसू द्या.

मग काही आठवडे जुन्या डीजेच्या शेजारी बसून पाहायचं, लेखी परीक्षा द्यायची, आणि पास झालात की उरलेली वेळ मिळते. उरलेली म्हणजे पहाटेची. कुरकुर न करता घ्या.

व्हिसाची एक गोष्ट. विद्यापीठाच्या स्टेशनवर विद्यार्थी म्हणून विनामोबदला काम करण्यात सहसा अडचण येत नाही. स्टेशनवर पगारी काम मिळालं तर ते कॅम्पसवरचं काम, म्हणजे एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा. बाहेरच्या व्यावसायिक स्टेशनवर एक पाळी करायची तरी परवानगी लागते. परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात विचारा. मित्राला विचारू नका.

पहिला महिना: हात बसवणे

समोर मिक्सरचं टेबल, ज्याला तिथे सगळे 'बोर्ड' म्हणतात. प्रत्येक स्रोताला एक सरकती पट्टी: माइक, दोन टर्नटेबल, दोन सीडी, संगणक, फोन. पहिल्या महिन्यात चारच सवयी लावून घ्या.

माइक उघडला की खोलीतले स्पीकर आपोआप बंद होतात, म्हणून हेडफोन आधी कानावर. माइकपासून तोंड एका मुठीच्या अंतरावर आणि किंचित तिरकं. तिरकं अशासाठी की आपण मराठी माणसं 'व्ही' अक्षर 'व्ह' असं वाऱ्यासकट उच्चारतो. व्हॅन मॉरिसन म्हणालात की माइकवर फुंकर बसते. 'फ', 'भ' यांचंही तेच.

मीटरची सुई लाल पट्टीच्या काठावर नाचत राहिली पाहिजे, आत जाऊन बसता कामा नये. सत्तरीतली रेकॉर्ड हळू आवाजात वाजते आणि दोन हजारनंतरची सीडी कानठळ्या बसवते. गाणं बदललं की पट्टी हलवावी लागते. श्रोत्याचा हात त्याच्या रेडिओच्या बटणाकडे गेला तर तुमचं चुकलं.

रेकॉर्ड लावताना सुई पहिल्या सुरावर आणायची, मग तबकडी हाताने अर्धा फेरा उलटी फिरवून धरायची. सोडली की गती पकडायला तेवढी जागा पुरते. आणि वेग पाहा. बीबीसीचा डीजे जॉन पील याच्यासारखा माणूस चाळीसेक वर्षं रेडिओवर काढूनही अधूनमधून मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५च्या वेगाने लावायचा. श्रोत्यांनी त्याला माफ केलं. तुम्हाला पहिल्या वर्षात करणार नाहीत.

चौथी सवय शांततेची. प्रसारणात आवाज थांबला की त्याला 'डेड एअर' म्हणतात. माझ्या दुसऱ्याच आठवड्यात सीडी अडकली आणि मी दुसरी शोधत बसलो. अकरा सेकंद. नंतर ध्वनिमुद्रण ऐकलं तेव्हा ते अकरा सेकंद घरातला दिवा गेल्यासारखे वाटले. तेव्हापासून एक गाणं वाजत असताना पुढची दोन कायम तयार ठेवतो. तीन तासांत स्वच्छतागृहाला जावंच लागतं, त्यासाठी प्रत्येक रॉक डीजेकडे एक लांबलचक गाणं राखीव असतं. आयर्न बटरफ्लायचं एक सतरा मिनिटांचं आहे, ते एलपीची एक अख्खी बाजू व्यापतं. जाताना दाराची किल्ली बरोबर घ्या. हे का सांगतोय ते विचारू नका.

कायद्याचं तेवढं पाठ करा

दर तासाच्या सुमारास, गाण्यांच्या मध्ये सोयीची जागा मिळेल तिथे, स्टेशनची ओळख द्यावीच लागते: आधी सांकेतिक अक्षरं आणि लगेच परवान्यावरचं गाव. मधल्या जागेत फ्रिक्वेन्सी किंवा परवानाधारकाचं नाव चालतं, बाकी काही नाही. डब्ल्यूएफएमयू आज जर्सी सिटीत बसलंय, पण परवाना ईस्ट ऑरेंजचा, म्हणून तेच नाव घ्यावं लागतं.

शिव्यांचा नियम रॉकवाल्यांना सगळ्यात जास्त नडतो. सकाळी ६ ते रात्री १० या वेळात 'अशिष्ट' समजला जाणारा मजकूर लावता येत नाही. १९७३मध्ये न्यूयॉर्कच्या एका स्टेशनने भर दुपारी एका विनोदवीराचं शिव्यांवरचं भाषण लावलं, त्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७८मध्ये सरकारच्या बाजूने निकाल लागला. २००६च्या कायद्याने दंडाची मर्यादा एका उल्लंघनाला ३ लाख २५ हजार डॉलरपर्यंत नेली. विद्यापीठाचं स्टेशन त्या रकमेने कायमचं बंद पडेल. म्हणून अल्बमच्या वेष्टनावर कोणत्या गाण्यात शिवी आहे ते लिहून ठेवतात. ते वाचा, आणि खूण नसेल तर स्वतः ऐकल्याशिवाय लावू नका. रात्री दहानंतर मोकळीक आहे, पण अनेक स्टेशनांचे स्वतःचे नियम त्याहून कडक असतात.

स्टेशन इंटरनेटवरही ऐकू येत असेल तर आणखी एक पथ्य: तीन तासांत एका कलाकाराची चारपेक्षा जास्त गाणी नाहीत, त्यातली सलग तीनच; एका अल्बममधली तीनपेक्षा जास्त नाहीत, सलग दोनच. कोणतं गाणं कधी लागणार याची यादीही आधी जाहीर करायची नाही. आवडत्या बँडचा वाढदिवस तीन तास साजरा करायची हौस इथेच संपते.

आणि पेओला. कुठल्या बँडने जेवण, तिकिटं, पैसे देऊन गाणं लावायला सांगितलं आणि तुम्ही ते हवेवर न सांगता लावलंत, तर १० हजार डॉलरपर्यंत दंड किंवा वर्षाची कैद, किंवा दोन्ही. गावातली पोरं बिअर घेऊन येतात. बिअरला नाही म्हणा, सीडी ठेवून घ्या, दुसऱ्या दिवशी थंड डोक्याने ऐका.

बोलायचं किती

भावगीतांच्या मैफलीतला निवेदक आठवा, जो गाण्याआधी सात मिनिटं कवीच्या विरहाबद्दल बोलतो आणि तोवर तबलजी दुसऱ्यांदा हातोडी हातात घेतो. ते करायचं नाही. रॉक रेडिओत बहुधा तीन-चार गाणी सलग लावतात आणि नंतर मागची नावं सांगतात. नावं उलट क्रमाने सांगा: शेवटचं आधी, कारण श्रोत्याच्या कानात तेच ताजं असतं. एका संचाबद्दल एकच माहिती सांगा, आणि ती ऐकताना गाडी चालवणाऱ्याला गाणं पुन्हा आठवेल अशी असावी. तो ड्रमर ढोलकीवाल्यासारखा तालाच्या किंचित मागे कुठे राहिलाय, हे सांगणं अल्बमच्या विक्रीच्या आकड्यांपेक्षा कितीतरी बरं.

व्यावसायिक स्टेशनवर नेमकं उलट कसब लागतं. गाण्याच्या सुरुवातीच्या वाद्यसंगीतावर बोलायचं आणि गायकाचा पहिला शब्द येण्याच्या क्षणी थांबायचं. याला 'पोस्ट' गाठणं म्हणतात. वेष्टनावर म्हणूनच '१७' असा आकडा असतो: गायक सतराव्या सेकंदाला येतो. घरी घड्याळ लावून सराव करा. पंधरा सेकंदांत मराठीत किती बोलता येतं आणि इंग्रजीत किती, यातला फरक दोन दिवसांत कळतो. पण रात्री तीन वाजता चांगल्या गिटारवर बोलू नका, कितीही अचूक थांबता येत असलं तरी.

उच्चारांची भीती बाळगू नका, आळस मात्र नको. जॉन पील लिव्हरपूलजवळच्या हेसवॉलचा. १९६०मध्ये तो टेक्ससला गेला, आणि १९६४मध्ये बीटल्सचं वेड उसळलं तेव्हा त्या भागातला माणूस एवढ्या भांडवलावर त्याला डॅलसच्या स्टेशनवर बोलायला मिळालं. १९६७मध्ये तो परतला आणि बीबीसीच्या रेडिओ १वर सुरुवातीपासून २००४मध्ये मरेपर्यंत राहिला. परक्या गावात तुमची बोली हीच तुमची खूण ठरते. मी सुरुवातीला अमेरिकन सूर लावायचा प्रयत्न केला. एका पहाटे बेकरीतून फोन आला, "तू जसा फोनवर बोलतोस तसाच तिथे बोल ना." त्यानंतर तो सूर मी सोडला. बँडच्या नावाचा उच्चार मात्र त्यांच्याच मुलाखतीत ऐकून घ्या. फोनवर येणारी पहिली तक्रार नेहमी त्याचीच असते.

संच लावणे

दोन गाणी शेजारी ठेवताना मी तीन गोष्टी पाहतो. पहिलं कसं संपतं: धाडकन की विरत? वेष्टनावर 'सी' म्हणजे एकदम थांबणारं, 'एफ' म्हणजे विरणारं. विरणाऱ्या शेवटावर पुढचं हळूच चढवता येतं. धाडकन थांबणाऱ्यानंतर एक श्वास सोडावा लागतो, अर्धा सेकंद, त्याहून जास्त नाही. दुसरं, लय: सलग दोन गाण्यांची लय जवळपास सारखी पण नेमकी सारखी नसेल तर कान अडखळतो, बैलगाडीच्या एका चाकाला खडा लागल्यासारखा. एक तर जुळवा, नाहीतर चांगलं दूर न्या. तिसरं, पोत. खरखरीत गिटारनंतर तशीच खरखरीत गिटार तीनदा आली की चौथी कोणी ऐकत नाही. मध्ये एक अकॉस्टिक किंवा एकटा ऑर्गन ठेवला की पुढची खरखर पुन्हा नवी वाटते.

तासाची बांधणी माझी अशी: पहिलं गाणं ओळखीचं, दुसरं त्याच घराण्यातलं पण कमी ऐकलेलं, तिसरं अगदी अनोळखी. श्रोता दोन पायऱ्या विश्वासाने चढला की तिसरी अंधारात असली तरी पाय टाकतो. अनोळखी गाणं आधी लावलंत तर तो जिन्याशीच थांबतो. पहाटे चारनंतर ऐकणारे वेगळे असतात: ट्रकवाले, परिचारिका, बेकरीवाले, झोप न येणारे. त्यांना जागं करायचं नसतं, सोबत द्यायची असते. तेव्हा मी लांब गाणी लावतो आणि तासातून दोनदाच बोलतो.

लावलेलं प्रत्येक गाणं त्याच वेळी यादीत नोंदवा. कंटाळा येतो, पण इंटरनेटवरच्या प्रसारणाचा मोबदला कलाकारांना मिळतो तो या नोंदींवरून. गंमत म्हणजे अमेरिकेत हवेवरच्या रेडिओसाठी गायक-वादकांना काहीच मिळत नाही, फक्त गीतकार-संगीतकारांना मिळतं.

पैशाकडे वळायचं तर

दर पाळीचं ध्वनिमुद्रण ठेवा आणि महिन्यातून एकदा त्यातून गाणी कापून फक्त तुमचं बोलणं ऐका. याला 'एअरचेक' म्हणतात, आणि ऐकताना लाज वाटली तर ते बरोबर चाललंय. नोकरीसाठी तीन मिनिटांचा एअरचेक पुरतो. सगळ्यात चांगला तुकडा पहिल्या वीस सेकंदांत असू द्या, कारण प्रोग्रॅम डायरेक्टर त्यापुढे क्वचित जातो. सुरुवात लहान गावात, शनिवार-रविवारच्या पाळीवर, ताशी वेतनावर होते. सोबत आवाजाचं संकलन, जाहिराती तयार करणं, समाजमाध्यमं सांभाळणं यांतलं काहीतरी एक पक्कं येत असावं; नुसत्या बोलणाऱ्याला सगळ्यात आधी घरी पाठवतात. माझ्या दोन मित्रांपैकी एकाला एका सकाळी कार्यक्रम संपल्यावर पुठ्ठ्याचा खोका देऊन निरोप दिला गेला. श्रोत्यांचा निरोपही घेऊ दिला नाही. तो आता ध्वनिमुद्रण शिकवतो आणि गुरुवारी रात्री आमच्याच जुन्या स्टेशनवर फुकट कार्यक्रम करतो.

भारतात परत येणार असाल तर खासगी एफएमवर हिंदी चित्रपटगीतांचं राज्य आहे. रॉकसाठी तिथे पगारी खुर्ची मिळणं फार अवघड. पुणे विद्यापीठाच्या विद्यावाणीसारखी सामुदायिक रेडिओ केंद्रं आहेत, ती हात बसवायला उत्तम. बाकी इंटरनेटवर स्वतःचा कार्यक्रम करता येतो, मात्र गाण्यांचे हक्क आधी समजून घ्या.

पाळी सोपवताना

पाचला दोन मिनिटं असताना पुढचा डीजे ओल्या छत्रीसकट आत येतो. त्याला निदान पाच मिनिटांचं गाणं लावून द्या, म्हणजे तो जॅकेट काढून बसू शकेल. तुमच्या रेकॉर्डी पाकिटात घालून अक्षरानुक्रमे परत लावा. चुकीच्या जागी ठेवलेली रेकॉर्ड म्हणजे हरवलेली रेकॉर्ड. माइकची पट्टी खाली, फोन जागेवर, कॉफीचा कप उचलून न्या. हेडफोनची उशी पुसा. आणि उठताना त्याला सांगा की या तासाची स्टेशनची ओळख दिली आहे की द्यायची राहिली आहे.